ठरवून जमवलेलं प्रेम

१६ सप्टेंबर २०१८, रविवारची रात्र. कलर्स वाहिनीवर ‘बिग बॉस’चा बारावा हंगाम सुरू होत होता. त्या वर्षीची टूम होती ‘विचित्र जोडी’. नुसते एकेकटे स्पर्धक नकोत, जोड्याही आणा, आणि त्याही अशा की पाहणाऱ्याची भुवई वर गेली पाहिजे. सलमान खानच्या शेजारी येऊन उभे राहिले भजनगायक अनुप जलोटा, वय ६५, पद्मश्री. सोबत जसलीन मथारू, वय २८, त्यांच्याकडे गाणं शिकणारी. आमचं नातं आहे आणि ते साडेतीन वर्षांपासून आहे, असं त्या मंचावर जाहीर झालं. मग दोघं सुटकेस ओढत घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलेल्या माणसालाही ही बातमी कळलेली होती. जलोटांच्या सर्वांत गाजलेल्या भजनाच्या पहिल्याच ओळीवर इतके विनोद झाले की मोबाइल गरम व्हायचे. चाळीस वर्षं ज्यांनी तुळशीमाळ घालणाऱ्या घराघरांत आपला आवाज पोचवला होता, ते एका रात्रीत नाक्यावरच्या टवाळीचा विषय झाले. आणि जसलीन मथारू हे नाव, जे त्या संध्याकाळी आठ वाजेपर्यंत फार थोड्यांना ठाऊक होतं, ते सगळ्यांच्या तोंडी झालं.

‘बिग बॉस’चं ते घर तेव्हा लोणावळ्यात होतं. घाट चढून आलं की जिथे माणसं चिक्कीची खोकी घेतात, तिथून जवळच भिंतींत लपवलेल्या कॅमेऱ्यांसमोर हा संसार मांडला गेला. एका खेळात दीपिका कक्कर या स्पर्धक अभिनेत्रीने जलोटांना ‘ओलीस’ धरलं. त्यांना सोडवायचं तर जसलीनने आपले कपडे आणि मेकअपचं सामान नष्ट करायचं, केसही कापायचे. ती आधी तयार होईना. जलोटा दुखावले, आणि ही जोडी मी आता मोडतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. हा प्रसंग पाहताना कुणाचाही गोंधळ उडावा. नातं खोटं असेल, तर दुखावले कशाला? आणि खरं असेल, तर केसांवर अडलं कुठे? माझा अंदाज असा की शिष्येने गुरूसाठी एवढंही करू नये याचं त्यांना खरोखरच वाईट वाटलं असणार. नाटकातल्या नात्याखाली दुसरं एक खरं नातं होतं, आणि त्यालाच ठेच लागली.

ऑक्टोबरच्या अखेरीस जलोटा घराबाहेर पडले आणि त्यांनी सांगितलं, आमच्यात काही नाही. ती माझी शिष्या आहे. गुरु-शिष्याची जोडी म्हणून जायचं ठरलं होतं, प्रेमाची गोष्ट मला तिथे मंचावरच कळली. पुढे महिनाभराने जसलीन बाहेर आली. तिचं म्हणणं, ती एक गंमत होती. आत गेल्यावर खुलासा करू म्हटलं, पण ते हाताबाहेर गेलं. कुणाचं किती खरं, हे त्या दोघांनाच ठाऊक. आपल्याला पाहायचंय ते वेगळंच. गाणारीला अशी गंमत करावीशी का वाटावी, आणि त्यातून तिला काय मिळालं?

पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कार्यक्रमाच्या बांधणीतच आहे. ‘बिग बॉस’ हे हॉलंडमधल्या ‘बिग ब्रदर’चं हिंदी रूप. योगायोग असा की तो मूळ कार्यक्रमही १६ सप्टेंबरलाच सुरू झाला होता, १९९९ साली. घरात माणसं कोंडायची, चोवीस तास चित्रीकरण करायचं आणि त्यातलं तासाभराचं दाखवायचं. उरलेले तेवीस तास कापले जातात. म्हणजे आत गेलेल्या प्रत्येकाची खरी लढाई इतर स्पर्धकांशी नसतेच, ती संकलकाच्या कात्रीशी असते. भांडण कापलं जात नाही. रडणं कापलं जात नाही. प्रेम तर नाहीच नाही, कारण भांडण एका भागात संपतं आणि प्रेम उद्यावर ढकलता येतं. गाण्याची मात्र पंचाईत. चीज असो की भजन, त्याला तीन-चार मिनिटं सलग लागतात, आणि तेवढी सलग जागा त्या तासात कुणालाच मिळत नाही. गायिका म्हणून घरात गेलेली व्यक्ती गात राहिली, तर ती पडद्यावर दिसणारच नाही.

इंग्लंडात याची एक झकास आवृत्ती २००६ साली घडून गेली होती. तिथल्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये सगळे नामवंत होते आणि एकच मुलगी साधी होती, शँटेल हॉटन. तिने सांगायचं होतं की मी एका गायिकांच्या बँडमध्ये आहे. तो बँड अस्तित्वातच नव्हता. तिने ही बतावणी निभावली, प्रेस्टन नावाच्या खऱ्याखुऱ्या गायकाशी घरात तिचं सूत जुळलं, ती स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं आणि पुढच्या वर्षी ते वेगळेही झाले. खोटी गायिका होती, प्रेम बहुधा खरं होतं. आमच्याकडे उलट.

आता दुसरा प्रश्न, मिळालं काय? फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच वाहिनीवर ‘मुझसे शादी करोगे’ हा कार्यक्रम आला. त्यात पारस छाब्राशी लग्न करू इच्छिणाऱ्या मुलींमध्ये जसलीन होती. म्हणजे पुन्हा प्रेमिकेचीच भूमिका, फक्त नायक बदललेला. टाळेबंदीच्या तोंडावर तो कार्यक्रम गुंडाळला गेला. मग ऑक्टोबर २०२० मध्ये जलोटा आणि जसलीन नवरा-नवरीच्या वेषात, असे फोटो झळकले. पुन्हा गदारोळ. ते होते ‘वो मेरी स्टुडंट है’ या सिनेमातले. सिनेमा तिच्या वडिलांचाच, आणि विषय तोच, गुरू आणि शिष्या. जलोटा दरम्यान मुलाखतींमध्ये, मी तिचं कन्यादान करीन, अशी भाषा करू लागले होते. या दोन वर्षांत तिच्याबद्दल रकाने भरभरून छापून आलं. तिचा गळा कसा आहे, ती कोणत्या पट्टीत गाते, तालमीत तिने काय उचललं, यावर चार ओळी मला कुठे वाचायला मिळाल्या नाहीत.

हे सगळं वाचून नाक मुरडणं सोपं आहे. पण गाण्यावर पोट भरू पाहणाऱ्याचा हिशेब एकदा जवळून पाहिला पाहिजे, आणि त्यासाठी मुंबईपेक्षा सीमाभाग बरा. कडोली बेळगावच्या उत्तरेला आहे. बटाटा-रताळ्यांच्या शेतीचा हा टापू. सीमाभागात मराठीची जी साहित्य संमेलनं नेमाने भरतात, त्यांत कडोलीचं नाव आघाडीवर असतं. गावात मराठी ऐकणारे कान आहेत, भजनी मंडळं आहेत, आणि अशा प्रत्येक गावाप्रमाणे यात्रा, गणेशोत्सव, कुणाचा सत्कार असे गाण्याचे प्रसंग वर्षभर येत राहतात. बेळगाव, निपाणी, चंदगड, कोल्हापूर या पट्ट्यातल्या ऑर्केस्ट्रांचं आणि गायक-गायिकांचं अर्धं वर्ष यावरच निघतं.

हा व्यवहार कसा होतो? यात्रा कमिटी बसते. वर्गणीचा अंदाज घेतला जातो. मंडप, साऊंड, लाइट यांचे पैसे बाजूला काढले की उरलेल्यात कार्यक्रमाची सुपारी द्यायची असते. ऑर्केस्ट्रावाला फोनवर गायिकांची नावं सांगतो, आणि पलीकडून ठरलेला प्रश्न येतो, “टीव्हीवर आलेली हाय काय ओ ती?” आलेली असली की आकडा वर जातो. नसली तर ती आणखी दोघींबरोबर एका ओळीत बसते, छोट्या अक्षरांत. फ्लेक्स छापताना नावाखाली ‘सारेगमप फेम’ किंवा ‘इंडियन आयडॉल फेम’ ही पट्टी येते, आणि कित्येकदा ती पट्टी नावापेक्षा मोठी असते. कमिटीला दोष देता येत नाही. तिला चार हजार माणसं मैदानावर बसवायची आहेत. गळा चांगला आहे हे फ्लेक्सवर दाखवायची सोय नाही, टीव्हीवर दिसली होती हे दाखवायची आहे.

त्या एका पट्टीसाठी गायिका काय काय करते? सहा-सात वादकांचं मानधन, गाडीभाडं आणि ड्रेस वजा जाता हातात फार उरत नाही, म्हणून बऱ्याच जणी आता ट्रॅकवर गातात. मुंबईला जाऊन पार्श्वगायन करावं, तर तिथली तऱ्हा वेगळी. एकच गाणं तीन-चार गळ्यांकडून गाऊन घेतात आणि त्यातला एक ठेवतात. बाकीच्यांना गाणं बाजारात आल्यावर कळतं की आपला आवाज त्यात नाही. गायकाला गाण्याच्या पुढच्या कमाईत वाटा मिळावा म्हणून लता मंगेशकरांनी साठच्या दशकात भांडण काढलं, त्यापायी महंमद रफींबरोबर काही वर्षं गाणं बंद ठेवलं. कायद्यात तो हक्क नीट लिहिला गेला तो २०१२ च्या दुरुस्तीत. मधल्या काळात हजारो गायक एकरकमी पैशांवर गाऊन गेले. थोडक्यात, हातात येणारा पैसा प्रत्यक्ष कार्यक्रमांचा, कार्यक्रमाचा भाव चेहऱ्यावर, आणि चेहरा ओळखीचा होतो टीव्हीवर. तिथे जायला चांगलं गाणं हा एक रस्ता आहे, पण त्यावर गर्दी फार. मग कुणी दुसरा शोधला तर तो वेडेपणा म्हणता येत नाही.

फक्त त्या दुसऱ्या रस्त्याने गेलेल्याला पट्टी मिळते ती कसली? ‘सारेगमप फेम’ वाचल्यावर माणूस गाणं ऐकायला येतो, कारण त्याने तिला तिथे गाताना पाहिलेलं असतं. जोडीमुळे गाजलेल्या गायिकेला पाहायला येणारा माणूस त्या जोडीबद्दल विचारतो. गाणं सुरू झालं की तो चहा प्यायला उठतो.

मग बनावट प्रेमाचा फायदा कुणालाच होत नाही का? होतो ना. भरपूर होतो. पण ज्याचं दुकान आधीच मांडलेलं आहे, त्याला.

२०१९-२० च्या ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या हंगामात नेहा कक्कर परीक्षक होती आणि आदित्य नारायण सूत्रसंचालक. दोघंही गाणारे, दोघंही नावाजलेले. हळूहळू मंचावर त्यांची चेष्टामस्करी वाढवली गेली. मग दोघांच्या घरचे येऊन बसले, बोलणी झाली, आणि १४ फेब्रुवारीला लग्न, अशी तारीखही निघाली. आदित्यचे वडील उदित नारायण यांनी बाहेर सांगून टाकलं की हे सगळं कार्यक्रमाच्या टीआरपीसाठी चाललेलं दिसतंय. तरी बातम्या थांबल्या नाहीत. आणि १० फेब्रुवारीला ‘गोवा बीच’ हे गाणं बाजारात आलं. आवाज टोनी आणि नेहा कक्करचा, पडद्यावर नेहा आणि आदित्य. लग्नाच्या मुहूर्ताच्या चार दिवस आधी! १४ तारीख आली आणि गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेहाने रोहनप्रीत सिंगशी लग्न केलं, डिसेंबरमध्ये आदित्यने श्वेता अग्रवालशी.

यातही एक गंमत आहे. रोहनप्रीतशी नेहाचं खरं लग्न ठरलं, तेव्हा लोकांचा विश्वासच बसेना. कारण लग्नाच्या तोंडावर दोघांचं लग्नावरचंच एक गाणंही आलं. पुन्हा गाण्याची जाहिरात असणार, असं म्हणून निम्म्या लोकांनी हात झटकले. लग्न खरंच झालं. पुढे डिसेंबरमध्ये तिने पोट दिसणारा फोटो टाकला, अभिनंदनाचा पाऊस पडला, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तेही नव्या गाण्याचं पोस्टर होतं. खरं लग्न आणि खोटं बाळंतपण दोन महिन्यांत, आणि दोन्हींच्या मागे एकेक गाणं तयार. हा धंदा तिला नेमका कळला होता. गोष्ट गाजत असतानाच गाणं बाजारात पाहिजे. लोकांनी नाव शोधलं की समोर गाणंच आलं पाहिजे. जसलीनकडे गोष्ट होती, पण त्या सहा आठवड्यांत लोकांनी तिचं नाव शोधलं तेव्हा समोर आल्या फक्त बातम्या.

त्या लुटुपुटीच्या लग्नाची किंमत मात्र मोजली ती तिथल्या स्पर्धकांनी. त्या हंगामाचा पहिला उपविजेता होता रोहित राऊत, आपला लातूरचा. २००९ च्या मराठी ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’मधल्या पाच लाडक्या पोरांपैकी एक. विजेता सनी हिंदुस्तानी, भटिंड्याचा, बूटपॉलिश करून घर चालवणारा मुलगा. एवढी दमदार माणसं गात असताना त्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत छापून येत होतं ते परीक्षकबाईंच्या शालूबद्दल.

वाहिन्या हे का करतात, याचं उत्तर गुरुवारी मिळतं. बार्क नावाच्या संस्थेने निवडक घरांत मोजणीची यंत्रं बसवलेली असतात, आणि कोणता कार्यक्रम किती पाहिला गेला याचे आकडे आठवड्याला बाहेर पडतात. गाण्याच्या कार्यक्रमाला मधल्या टप्प्यावर नेहमी एक मरगळ येते. सुरुवातीच्या चाचण्यांची मजा संपलेली असते आणि अंतिम फेरी लांब असते. या दोन टोकांमधला खड्डा भरायला काहीतरी लागतं. कधी स्पर्धकाची गरिबी, कधी परीक्षकाचे अश्रू, कधी प्रेमप्रकरण. ‘इंडियन आयडॉल’च्या बाराव्या हंगामात हीच युक्ती थेट स्पर्धकांवर वापरली. पवनदीप राजन आणि अरुणिता कांजीलाल या दोन उत्तम गळ्यांची जोडी जुळवायचा खेळ महिनोन्महिने चालला. आदित्य नारायणनेच बाहेर मोकळेपणी सांगितलं की ते बनावट आहे, माझं आणि नेहाचं होतं तसंच, आणि लोकांची करमणूक होत असेल तर बिघडलं कुठे? त्याच हंगामात किशोरकुमारांवरचा एक भाग झाला. पाहुणे म्हणून आलेल्या त्यांच्या मुलाने, अमितकुमारांनी, नंतर सांगितलं की सगळ्यांचं कौतुक करा, असं मला आधीच सांगून ठेवलं होतं. कौतुक जिथे आधी ठरतं, तिथे प्रेम ठरलं तर नवल काय. पवनदीप जिंकला, अरुणिता दुसरी आली. त्या दोघांना या खेळाने तोटा झाला असं म्हणता येत नाही, कारण दर शनिवार-रविवारी ती पोरं गातही होती. आपली सायली कांबळे तिसरी आली, तीही निव्वळ गाण्यावर.

हे टीव्हीने आणलेलं खूळ आहे, असं समजायचं कारण नाही. हॉलिवूडच्या जुन्या स्टुडिओंमध्ये नट-नटीला कुणाबरोबर जेवायला पाठवायचं आणि तिथे फोटोवाला कधी पोचवायचा, हे ठरवायला वेगळा विभागच असायचा. मुंबईत बाबूराव पटेलांनी १९३५ मध्ये ‘फिल्मइंडिया’ काढून सिनेमावाल्यांच्या खासगी गोष्टी तिखटमीठ लावून छापल्या, आणि १९७१ मध्ये ‘स्टारडस्ट’ निघालं तेव्हा त्याची पहिली संपादक होती शोभा राजाध्यक्ष, म्हणजे पुढची शोभा डे. या धंद्यात मराठी माणूस मागे होता, असं कुणी म्हणू नये.

आणि संगीताच्या मंचावर जोडी विकते, हे तर आपल्या आजोबा-पणजोबांना पक्कं ठाऊक होतं. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या नाटकांनी गाणाऱ्या नायक-नायिकेची जोडी रंगभूमीवर आणली. त्या परंपरेतला सर्वांत गाजलेला जोडीचा प्रयोग ८ जुलै १९२१ चा, मुंबईचा. ‘संयुक्त मानापमान’. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. दोघांच्या दोन कंपन्या, दोघंही एकमेकांचे प्रतिस्पर्धी, टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आलेले. तिकिटांवर लोकांच्या उड्या पडल्या. तिथेही खोट्याच प्रेमाचं नाटक होतं, नायक-नायिका दोघंही पुरुष! पण लोक पाहायला आले होते ते पदाला कोण कसं उत्तर देतो ते. जोडी ही सबब होती. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांतच गेले, त्यामुळे त्या रात्रीची आठवण लोकांनी आणखी जपली.

बालगंधर्वांच्याच आयुष्यात पुढे जे घडलं, ते या प्रकरणात सांगितलंच पाहिजे, कारण ते कानडी मुलखातूनच आलं. विजापूरकडच्या बिळगी गावच्या दोन बहिणी, अमीरबाई आणि गोहरबाई. दोघी कर्नाटकी याच नावाने ओळखल्या गेल्या. दोघींचे गळे असे की ऐकत राहावं. अमीरबाई मुंबईला सिनेमात गेल्या, १९४३ च्या ‘किस्मत’मधल्या गाण्यांनी घराघरांत पोचल्या आणि कर्नाटकात त्यांना कन्नड कोकिळा म्हणू लागले. गोहरबाई बालगंधर्वांच्या गाण्याने झपाटलेल्या होत्या. त्यांच्या तबकड्या ऐकून ऐकून ती पदं त्यांनी गळ्यावर अशी चढवली की त्यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. १९३८ च्या सुमारास त्या गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाल्या. बालगंधर्व तेव्हा पन्नाशीचे, कर्जात बुडालेले, वैभव ओसरलेले.

यात बनावट काहीच नव्हतं. पण महाराष्ट्राने ते बनावट ठरवलं. ही बाई कंपनीच्या नावासाठी, पैशासाठी आली, तिने बालगंधर्वांना नादी लावलं, असं लिहिलं गेलं, बोललं गेलं. दोघांनी १९५१ मध्ये लग्न केलं, तरी बोलणं थांबलं नाही. उतारवयात बालगंधर्वांना चालणंही मुश्कील झालं तेव्हा सोबत गोहरबाईच होत्या. १९६४ मध्ये त्या गेल्या, त्यांच्यानंतर तीन वर्षांनी बालगंधर्व. आजही एक बहीण तिच्या गाण्यांनी आठवली जाते आणि दुसरी बालगंधर्वांच्या चरित्रातलं एक वादग्रस्त प्रकरण म्हणून. गोहरबाईंच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्यात ते सांगतात की लय आणि लाडिक हरकत अगदी गुरूच्या घरची. पण ऐकतंय कोण? मोठ्या नावाशेजारी उभं राहिलं की आपलं गाणं त्या नावाच्या सावलीत जातं, मग प्रेम खरं असो की खोटं. जसलीनने जे मुद्दाम ओढवून घेतलं, ते गोहरबाईंच्या वाट्याला न मागता आलं.

याला छेद देणारं उदाहरणही मराठीच आहे. राहुल वैद्य, जन्म नागपूरचा. पहिल्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये आपला अभिजीत सावंत जिंकला, तेव्हा हा तिसरा आला होता. नंतरची पंधरा वर्षं त्याने कार्यक्रम केले, एक स्पर्धा जिंकली, पण सिनेमात म्हणावं तसं काही जमेना. २०२० मध्ये तो ‘बिग बॉस’च्या चौदाव्या हंगामात गेला. ११ नोव्हेंबरला, अभिनेत्री दिशा परमारच्या वाढदिवशी, त्याने पांढऱ्या टी-शर्टवर लिपस्टिकने लिहून कॅमेऱ्यासमोर तिला लग्नाची मागणी घातली. ती घरात नव्हतीच. बाहेर बसून टीव्हीवर पाहणाऱ्या मुलीला देशासमोर विचारणं! लोक म्हणाले, झालं, याचंही जलोटा प्रकरण. तीन महिने तिने उत्तर दिलं नाही, आणि वाहिनीला तीन महिन्यांचा मसाला मिळाला. १४ फेब्रुवारीला ती घरात आली आणि हो म्हणाली. मार्चमध्ये दोघांचे लग्नाच्या पोशाखातले फोटो आले, लोकांनी अभिनंदन केलं, तर ते निघाले ‘मधाण्या’ या गाण्याचे. १६ जुलै २०२१ ला खरं लग्न झालं. राहुलने प्रेम खरंच केलं आणि विकलंही खरंच. त्याला आता लोक ‘बिग बॉसमधला राहुल’ म्हणतात, ‘आयडॉलमधला’ असं म्हणणारे कमी झालेत. पण कार्यक्रमांच्या तारखा मिळतात, आणि त्याला त्याबद्दल खंत असल्याचं दिसत नाही.

त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला रोहित राऊतचेच दोन सवंगडी. ‘लिटल चॅम्प्स’मधले प्रथमेश लघाटे आणि मुग्धा वैशंपायन. ती अलिबागची, तो कोकणातल्या आरवलीचा. २००९ मध्ये अख्खा महाराष्ट्र आणि सीमाभाग या पोरांना घरातलीच समजत होता. पुढे दोघं वर्षानुवर्षं एकाच मंचावर गात राहिले. त्यांच्या नात्याची जाहिरात करून एखादी वाहिनी सहज दोन हंगाम काढू शकली असती. त्यांनी जून २०२३ मध्ये, सगळं पक्कं झाल्यावर, एक फोटो टाकून दोन शब्दांत कळवलं. डिसेंबरमध्ये लग्न झालं. त्यानंतरही कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर दोघांच्या नावाखाली पट्टी येते ती ‘लिटल चॅम्प्स फेम’ हीच, आणि पुढे कार्यक्रमाचं स्वरूप लिहिलेलं असतं, नाट्यगीतं आणि अभंग.